कंबर धरली, आता व्यायाम सोडून देऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या बाई ४४ वर्षांच्या आहेत. आठ-नऊ तास खुर्चीतलं काम, घरी नवरा आणि शाळेत जाणारी दोन मुलं. गेल्या दोन वर्षांत पोट सुटत गेलं, तेव्हा त्यांनी मोबाइलवर सापडलेलं ‘सपाट पोटाचं’ एक तीस दिवसांचं चॅलेंज मनावर घेतलं. घर जागं व्हायच्या आत स्वतःसाठी अर्धा तास मिळावा म्हणून गेले चार महिने त्या पहाटे पावणेपाचला उठतात. उठल्या की लगेच मॅटवर शंभर सिट-अप्स, मग हात थरथरेपर्यंत प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं. वॉर्म-अप नाही, कारण ‘अर्ध्या तासातली दहा मिनिटं हातपाय हलवण्यात घालवली तर व्यायाम कधी करायचा?’ रात्री पाठ टेकायला साडेअकरा वाजतात. तीन आठवड्यांपूर्वी व्यायाम आटोपून मोजे घालायला वाकल्या आणि कंबर धरली. चार दिवसांनी दुखणं उतरलं, पण सकाळचा ताठरपणा गेलेला नाही. पोट तसूभर कमी झालेलं नाही. ओघात त्यांनी असंही लिहिलं आहे, की शिंकताना किंवा उडी मारताना लघवीचे थेंब जातात, पण ‘दोन बाळंतपणांनंतर हे चालायचंच’. त्यांचे प्रश्न तीन: पोट उतरवणारा खरा कोअर व्यायाम कोणता? वॉर्म-अप खरंच लागतो का? की हे सगळं सोडूनच द्यावं, कारण ‘माझ्यात चिकाटीच नाही’?

प्रिय ताई,

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. चार महिने पहाटे पावणेपाचला उठणाऱ्या बाईने ‘माझ्यात चिकाटी नाही’ असं लिहावं, हे वाचून मला फार वाईट वाटलं. चिकाटी तुमच्यात भरपूर आहे. ती चुकीच्या वेळी आणि चुकीच्या व्यायामावर खर्च झाली, एवढंच. व्यायाम सोडू नका. पण जो करत होतात तो मात्र आजपासून थांबवा.

आधी कंबरेची खात्री करून घेऊ. कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, एखाद्या पायातला जोर कमी वाटत असेल, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, सोबत ताप असेल किंवा काही कारण नसताना वजन घटत असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. बैठकीचा भाग आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा अचानक सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. शिंकताना थेंब जाणं हा वेगळा प्रकार आहे, त्याकडे मी पुढे येणार आहे. यातलं काही नसेल, तर तुमची कंबर बहुधा त्या साध्या दुखण्यातली आहे जे हिंडतं-फिरतं राहिल्याने बरं होतं. अंथरुणात पडून राहिल्याने ते उलट रेंगाळतं.

आता मोजे. कंबर मोज्यांमुळे धरली असं तुम्हाला वाटतं, पण मोजे निमित्त झाले. मणक्यांच्या मधल्या चकत्या रात्रभर आपण आडवे असताना पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक-दीड सेंटिमीटर जास्त भरते, आणि त्यातली निम्म्याहून अधिक उंची उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात उतरते. त्या तासात चकत्या टम्म भरलेल्या असतात, पाठ ताठ असते आणि पुढे वाकल्यावर कण्यावर दिवसभरातला सर्वांत जास्त ताण येतो. नेमक्या त्या वेळी तुम्ही शंभर वेळा कंबर दुमडत होतात, तेही अंग गार असताना. १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखी असलेल्या माणसांना त्यात सकाळी उठल्यावर काही तास पुढे वाकणं टाळायला सांगितलं होतं. एवढ्यानेच त्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त वाकण्याची वेळ बदलली. तुम्हीही सध्या सकाळचे मोजे खुर्चीत बसून, पाय वर घेऊन घाला. जमिनीवरून काही उचलायचं तर गुडघ्यात आणि खुब्यात वाका, कंबरेत नको. आणि सकाळच्या पहिल्या तासात सिट-अप्स, पायाची बोटं धरणं, पुढे वाकून ताणणं, काहीच नको.

तुमच्या पहिल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: पोटावरची चरबी आणि पोटाचे स्नायू. स्नायू राबवले की त्यांच्यावरची चरबी वितळेल, असं आपल्या सगळ्यांना वाटतं, कारण व्यायाम करताना जळजळ तिथेच होते. पण शरीर चरबी वापरायला काढतं ती सगळीकडून, जवळच्या स्नायूने मागितली म्हणून तिथूनच नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात लोकांनी सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस पोटाचे व्यायाम केले. त्यांचे स्नायू जास्त वेळ काम करू लागले, पण पोटावरची चरबी व्यायाम न करणाऱ्यांइतकीच राहिली. तुमचाही अनुभव तोच आहे. शिवाय तुमच्या वयात, पाळी जायच्या आधीच्या काही वर्षांत, चरबीची वाटणीच बदलते. मांड्या-नितंबांकडची पोटाकडे सरकू लागते. यात तुमचा आळस नाही की हलगर्जीपणा नाही. तुमच्या पत्रात ‘पोट’ हा शब्द चौदा वेळा आला आहे आणि प्रत्येक वेळी रागाने. इतकं पोटाला पाण्यात पाहू नका. शिंक, खोकला, उचलणं, वळणं, चालणं, प्रत्येक हालचालीत तेच तुमचा कणा सांभाळतं.

मग कोअर म्हणजे काय? डोळ्यांसमोर पत्र्याचा एक डबा आणा. समोरची आणि बाजूची भिंत पोटाच्या स्नायूंची, मागची भिंत कण्यालगतच्या स्नायूंची, वरचं झाकण श्वासपटलाचं, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याचं, आणि तळ ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या, मूत्रमार्ग-योनी-गुदद्वार यांना आधार देणाऱ्या स्नायूंचा. हा डबा चेपू न देणं हे कोअरचं काम. हात-पाय हलत असताना मधलं धड स्थिर राहिलं पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातले पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली एक सुंदर गोष्ट दाखवली. निरोगी माणूस नुसता हात वर करतो तेव्हा हाताचा स्नायू हलायच्या आधी पोटाचा सर्वांत आतला, पट्ट्यासारखा आडवा स्नायू कामाला लागलेला असतो. कंबरदुखी असलेल्यांत तोच स्नायू उशिरा जागा होत होता. त्यावरून त्या एका स्नायूला वेगळं काढून शिकवायची टूमही निघाली होती. तेवढं करायची गरज नाही. धडा एवढाच, की कोअरला वेळेवर सावध होणं आणि बराच वेळ हलका जोर धरून ठेवणं शिकवायचं असतं. सिट-अप्समध्ये या दोन्हींपैकी काहीच होत नाही. त्यात कंबर दुमडायची आणि उलगडायची एवढंच. अमेरिकेच्या नौदलानेही २०२१मध्ये आपल्या शारीरिक चाचणीतून हा प्रकार काढून तिथे कोपरांवरचा प्लँक आणला.

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्यावर येणाऱ्या भाराचा अनेक वर्षं अभ्यास केला. कण्याला कमी त्रास देऊन त्याच्या चारही बाजूंचे स्नायू कामाला लावणारे तीन व्यायाम त्यांनी निवडले. मी स्वतः एकोणीस वर्षं व्यायाम शिकवते आहे आणि तुमच्यासारख्या प्रत्येकीला याच तिघांपासून सुरू करायला लावते.

पहिला सविस्तर सांगते, कारण तो नीट जमला की बाकीचे आपोआप कळतात. गुडघे आणि तळहात टेकून चार पायांवर या. पाठ सपाट, नजर जमिनीकडे. आता एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करा, दोन्ही फार तर पाठीच्या उंचीपर्यंत. आठ-दहा सेकंद धरा, परत या, बाजू बदला. मागे एक बाई माझ्याकडे नव्याने आल्या होत्या, तुमच्याच वयाच्या आणि तुमच्याइतक्याच घाईतल्या. हे दाखवल्यावर म्हणाल्या, ‘एवढंच?’ मी त्यांच्या कंबरेवर एक पातळ वही आडवी ठेवली आणि म्हटलं, ही पडू द्यायची नाही. पाय उचलताक्षणी वही घसरली. दुसऱ्यांदाही घसरली. तिसऱ्यांदा त्यांनी पाय अर्धाच, अगदी हळू मागे नेला, पायाचं बोट जमिनीवरून जेमतेम सुटलं होतं, तेव्हा वही थांबली. सातव्या सेकंदाला त्यांच्या मांडीचा मागचा भाग थरथरायला लागला, आठव्याला कपाळावर घाम आला. त्या दिवशी त्यांनी एका बाजूला सहा वेळा केलं आणि पुरे म्हणाल्या. घरी तुम्ही एकट्या असाल तर पाठीवर वही ठेवा. आरशापेक्षा ती खरं बोलते. कंबर खाली झोळीसारखी लोंबली किंवा एका बाजूला कलली, की वही पडणार.

दुसरा, कुशीवरचा प्लँक. एका कोपरावर आणि वाकवलेल्या गुडघ्यांवर भार घेऊन कंबर उचलायची, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक सरळ रेषा. गुडघ्यांवर सोपा वाटायला लागला की मगच पाय लांब करायचे. तिसरा, उताणं झोपून एक गुडघा वाकवलेला, दुसरा पाय सरळ, दोन्ही तळहात कंबरेखालच्या पोकळीत. आता डोकं आणि खांदे कागद सरकेल इतकेच उचलायचे. कंबर हातांवर दाबायची नाही, हनुवटी छातीला लावायची नाही. प्रत्येक व्यायामात आठ-दहा सेकंद धरायचं, आधी सहा वेळा, थोडं थांबून चार वेळा, मग दोन वेळा. आकडे उतरते आहेत ते मुद्दाम, म्हणजे थकवा वाढत जातो तशी मोजणी कमी होते आणि ढब बिघडत नाही.

यात श्वास चालू ठेवा. हे मी प्रत्येकीला दहा वेळा सांगते. दम कोंडून ठेवला की रक्तदाब झपकन चढतो आणि डब्याच्या तळावर दाब पडतो. सोप्या आवाजात मोजत राहा, ‘एक… दोन… तीन…’. बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे. आणि हात थरथरेपर्यंतचा तुमचा तो प्लँक आता नको. ढब मोडल्यावर पुढचा सगळा भार कंबरेच्या सांध्यांवर जातो. दहा सेकंदांचे नीट पाच प्लँक हे कंबर लोंबलेल्या दोन मिनिटांपेक्षा कितीतरी उपयोगाचे.

आता तो विषय, जो तुम्ही कंसात, अगदी ओझरता लिहिलात. शिंकताना थेंब जाणं हे बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतं, हे खरं. पण पुष्कळांना होतं म्हणून ते ‘चालायचंच’ होत नाही. डब्याचा तळ सैल पडला आहे, आणि तो स्नायूच आहे. योग्य व्यायामाने बहुतेकींना त्यात चांगला फरक पडतो. वर्षानुवर्षं हे सोसत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. बाहेर पडायच्या आधी दोनदा स्वच्छतागृहात जायचं, मुलांबरोबर उडी मारायची नाही, हसू आवरायचं. उपाय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. रोजच्या सिट-अप्सनी वरून दाब टाकत राहून तुम्ही हा तळ आणखी दमवत होतात. लघवी अडवताना आत-वर ओढल्याची जी जाणीव होते, तसं हलकेच ओढून पाच सेकंद धरा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी आठ-दहादा. सैल सोडणं अर्धा व्यायाम आहे, ते विसरू नका. लघवी करत असताना मात्र हा सराव करू नका. शिंक येतेय असं वाटलं की आधीच हा स्नायू आवळा. आणखी एक पाहा: उताणं झोपून डोकं उचलताना पोटाच्या मध्यभागी उभा उंचवटा येतो का? येत असेल तर पोटाचे स्नायू बाळंतपणानंतर नीट जवळ आलेले नसण्याची शक्यता आहे, आणि मग वरचा तिसरा व्यायाम थांबवायचा. दोन्ही गोष्टींसाठी एकदा स्त्रियांच्या या तक्रारींवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. एका भेटीत बरंच काही स्पष्ट होईल. लाजू नका, त्यांच्याकडे दिवसभर हेच प्रश्न येतात.

वॉर्म-अपवर तुमचा राग आहे, कारण तो तुम्हाला व्यायामातून चोरलेला वेळ वाटतो. मला वाटतं, शाळेत पाच मिनिटं मान आणि मनगटं फिरवायला लावून जे काही करून घेतलं जायचं, त्याने हा गैरसमज रुजला. खरा वॉर्म-अप नावाप्रमाणे गरम करतो. हलक्या हालचालीच्या पहिल्या तीन ते पाच मिनिटांत स्नायूंचं तापमान झपाट्याने वाढतं आणि दहा ते वीस मिनिटांत स्थिरावतं. गरम स्नायू पटकन आवळतो, पटकन सैल होतो. सांध्यांतलं वंगण पातळ होतं, हृदयाला आडव्यावरून एकदम धावावं लागत नाही. आणि ढबीकडे लक्ष जातं. माझ्या मते हा सर्वांत कमी बोलला जाणारा फायदा आहे. झोपेतून उठलेल्या अंगाला आपली कंबर नेमकी कुठे आहे हेच धड कळत नसतं.

२००८ साली नॉर्वेतल्या मुलींच्या फुटबॉल संघांवर झालेला एक मोठा अभ्यास मला फार आवडतो. ‘फिफा ११+’ नावाचा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप नियमित करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती बऱ्याच कमी झाल्या. त्या वीस मिनिटांत आहे काय? हलकं धावणं, तोल सांभाळणं, उड्यांवरून नीट उतरणं, आणि प्लँक व कुशीवरचा प्लँक. म्हणजे तुम्ही ज्याला ‘खरा व्यायाम’ म्हणता तो तिथे वॉर्म-अपच्या पोटातच आहे. तुमच्यासाठीही मी दोघांत भिंत घालणार नाही. तीन मिनिटं जागच्या जागी चाला, हळूहळू गुडघे वर येऊ द्या, हात खांद्यापासून झुलू द्या. मग खांदे मोठ्या वर्तुळात पुढे-मागे. भिंतीला हात टेकून एकेक पाय पुढे-मागे आणि आडवा झुलवा, दहा-दहा वेळा. खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, दहा वेळा. शेवटी चार पायांवर येऊन मांजरीसारखी पाठ सावकाश वर गोल करा, सावकाश खाली सोडा, सात-आठ वेळा, टोकाला न ताणता. आठ मिनिटं झाली आणि तुम्ही पहिल्या व्यायामाच्या जागेवर आपसूक आलेल्या असाल. कपाळावर किंचित ओल आली, बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही इतका श्वास लागला, म्हणजे अंग तयार. थंडी असेल किंवा आठ तास खुर्चीत बसून थेट आला असाल, तर आणखी तीन-चार मिनिटं द्या.

एका जागी मिनिटभर किंवा जास्त ताणून धरायचे प्रकार मात्र सुरुवातीला नकोत. एकच स्नायू मिनिटाच्या वर ताणून ठेवला तर त्याची ताकद काही काळ थोडी उतरते. ते शेवटी ठेवा, अंग गरम असताना बरंही वाटतं.

आता पत्रातल्या ज्या ओळीवर मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती ओळ: ‘घर जागं व्हायच्या आत स्वतःसाठी अर्धा तास.’ साडेअकराला झोपून पावणेपाचला उठणं म्हणजे सव्वापाच तास. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. हा अर्धा तास तुम्ही घराकडून घेतलाच नाहीत, तो झोपेतून कापून काढलात, कारण तिथे कुणी हरकत घेत नाही. त्याची किंमत पोटालाच मोजावी लागते. शिकागो विद्यापीठात २०१० साली दहा जणांवर एक प्रयोग झाला. तीच माणसं, खाणं तेवढंच मोजून, दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपण्याची संधी. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहून कमी गेली आणि स्नायू जास्त गेले. माणसं दहाच, त्यामुळे आकडा छातीला लावून बसू नका. पण दिशा इतर ठिकाणी दिसते तीच आहे. तुम्ही साडेपाचच्याही आत आहात.

तेव्हा पर्याय काय? सगळं सोडणं हा एक, तुम्ही विचारलात म्हणून मोजते. त्याने ना कंबर सुधारेल ना मन. त्याच वेळी उठून फक्त व्यायाम बदलणं हा दुसरा. कंबर वाचेल, झोप नाही. जिममध्ये नाव घालणं वाईट नाही, पण जाऊन-येऊन दीड तास लागेल आणि तो कुठून येणार, हा प्रश्न तिथेच राहील. मला योग्य वाटतो तो मार्ग जरा अवघड आहे, कारण त्यात घरातल्यांशी बोलावं लागेल. पावणेपाचचा गजर बंद करा. आठवड्यातले तीन दिवस, संध्याकाळी घरी आल्यावरची तीस मिनिटं तुमची. त्या वेळात स्वयंपाकघर, अभ्यास, फोन, दाराची घंटा नवऱ्याने आणि मुलांनी सांभाळायची. ‘जमलं तर बघा हं’ असं विचारू नका. वार आणि वेळ ठरवून सांगा. तुम्ही पत्रात लिहिलंत, ‘त्यांना त्रास नको.’ तुमची कंबर धरली त्या चार दिवसांत सगळं त्यांनीच केलं, हेही तुम्हीच लिहिलंत. म्हणजे त्यांना जमतं. कदाचित आजवर कुणी तसं मागितलं नसेल.

घरात लहान बाळ असेल, कुणी आजारी असेल किंवा कामाची पाळी रोज बदलत असेल, तर हा सलग अर्धा तासही निघत नाही. अशा वाचकांनी त्याचे तुकडे करावेत. पूर्वी किमान दहा मिनिटांची हालचालच मोजावी असं सांगितलं जायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शनात ती अट काढून टाकली. पाच मिनिटंही मोजली जातात. त्याच मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे.

ती दीडशे मिनिटं तुमच्यासाठी चालण्याची असू द्या. कंबरेसाठी कोअरचे व्यायाम चांगले, पण तेच सर्वांत श्रेष्ठ असा दावा मी करणार नाही. साधं चालणं त्यांच्या तोडीचं आहे. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला ७०१ जणांवरचा प्रयोग आला. नुकतंच कंबरेचं दुखणं उतरलेल्या, म्हणजे आज तुम्ही जिथे आहात तिथल्या माणसांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत नेऊन आठवड्यात पाच वेळा अर्धा तास चालायला लावलं. त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांतल्या निम्म्यांचं ११२ दिवसांतच परतलं. चालायला सकाळही चालेल, त्यात वाकणं नाही. दहा मिनिटांपासून सुरू करा. आणि कामाच्या जागी दर अर्ध्या-पाऊण तासाने उभ्या राहा. पाणी घ्यायला जा, फोन उभ्याने घ्या. तीन-चार आठवड्यांनी कंबर शांत असेल तर एका हातात भरलेली पिशवी घेऊन, खांदे समतोल ठेवून घरातल्या घरात मिनिटभर चाला, मग हात बदला. पिशवी एकीकडे ओढते आणि धड दुसरीकडून धरून ठेवतं. हा उत्तम कोअर व्यायाम आहे, आणि त्याला कुणी चॅलेंजमध्ये घेत नाही.

एखादा दिवस चुकला की तुम्ही दुसऱ्या दिवशी दुप्पट सिट-अप्स करत होतात. ते नको. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी २०१०च्या सुमारास लोकांच्या सवयी कशा पक्क्या होतात ते पाहिलं. कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाची सवय पक्की व्हायला हिशोबाने २५४ लागले असते. मधला आकडा ६६. आणि मध्ये एखादा दिवस गाळल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. तुमच्या चॅलेंजचे तीस दिवस कुणीतरी गोल आकडा म्हणून निवडले असतील, तुमच्या शरीराने नाही. चुकलेला दिवस चुकलेलाच राहू द्या.

पहिला आठवडा असा: सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी आठ मिनिटं वॉर्म-अप, पंधरा मिनिटं ते तीन व्यायाम, उरलेला वेळ उताणं पडून पोटापर्यंत सावकाश श्वास. बाकीचे दिवस चालणं, एक दिवस काही नाही. रोज रात्री गजराऐवजी झोपायची वेळ लावा, आधी अकरा, पुढच्या आठवड्यात पावणेअकरा. दुसऱ्या दिवशी मांड्या, कुशी ठणकल्या तर ते दोन-तीन दिवसांत जाईल. कंबरेत कळ आली तर तो व्यायाम सोपा करा, आणि तरीही येत असेल तर थांबून दाखवा. मोजपट्टी कपाटात ठेवून द्या.

सहा आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. आकडे नकोत. सकाळी मोजे घालताना कंबर काय म्हणते, शिंक आल्यावर काय होतं, आणि बुधवारी संध्याकाळी दार वाजलं तेव्हा ते कुणी उघडलं, एवढं कळवा.